उपाशी हाक

डूख धरायला नागीणच व्हावं लागतं असं काही नाही. हेमलता गुरव हिने अकरा वर्षं डूख धरला आणि तेवढ्या काळात तिचा आवाज एकदाही चढला नाही. रोज सकाळी ती काचेच्या सत्तावीस बरण्या पुसायची, झाडांना हात लावायची, आणि समोरच्या बाल्कनीत डॉक्टर मल्लिकार्जुन शेटे दिसले की "नमस्कार, सर" म्हणायची. सर हात वर करायचे. दोन बाल्कन्यांमध्ये जेमतेम दहा हातांचं अंतर होतं.

ही २०४४ सालची सांगली. उन्हाळे असे तापायला लागले होते की शेतातली पालेभाजी होळीनंतर तग धरेना. म्हणून घराघरांत मासेबागा आल्या. मासेबाग म्हणजे खाली माशांची टाकी आणि वर खडीने भरलेला वाफा. मासे खातात आणि घाण करतात. त्या घाणीतल्या अमोनियाचं खडीवरचे जिवाणू खत करतात, पालक-मेथीची मुळं ते पिऊन टाकतात आणि निवळलेलं पाणी परत टाकीत पडतं. माती नाही, रोज पाणी घालायची कटकट नाही. पण या सुखाला एक खोट होती. पाल्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला तर त्यावर काही फवारायची सोय नव्हती. पानावरचा थेंब पाचव्या मिनिटाला माशाच्या कल्ल्यात जायचा.

ही खोट काढली 'हाक' नावाच्या यंत्राने. मावा पानाचा रस शोषायला लागला की पान गप्प बसत नाही. ते एक वास सोडतं आणि त्या वासावर माव्याचे वैरी धावत येतात. त्यातला पहिला वैरी म्हणजे क्रायसोपा, नखाएवढा हिरवा कीटक, जाळीदार पंखांचा. हेमलता तिला नुसतं 'हिरवी' म्हणायची. हिरवी अंडी घालते आणि अंड्यातून निघालेली अळी माव्याचा फडशा पाडते. 'हाक'ची डबी तळहाताएवढी. ती तोच वास हवेत सोडायची, म्हणजे मावा पडायच्या आधीच हिरव्या पहाऱ्यावर हजर. रोज संध्याकाळी सहाला सगळ्या बाल्कन्यांतल्या डब्या एकदम सुरू व्हायच्या, आणि अख्खी सांगली गुडघे चोळत बसल्यासारखा वास सुटायचा.

कारण तो वास खरोखरच गुडघ्याच्या मलमाचा होता.

'हाक' यायच्या आधी हेमलता कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात प्रयोगशाळा मदतनीस होती. दिवसभर उभं राहून गुडघे धरायचे, म्हणून ती दुपारी बाटलीतलं पातळ मलम लावायची. एकदा काचघरात शिरली तर पाच-सहा हिरव्या येऊन थेट तिच्या गुडघ्यावर बसल्या. सगळे हसले. हेमलता हसली नाही. तिने पुढची चार वर्षं एका निळ्या वहीत लिहून काढली. मलमाचे थेंब किती, सोबत चुरडलेल्या गवताचा वास किती, कुठल्या वेळी हिरव्या येतात, कुठल्या वाऱ्यात येत नाहीत. वही भरली तेव्हा तिने ती विभागप्रमुख शेटे सरांच्या हातात ठेवली.

सरांनी पानं चाळली. "बाई, अक्षर छान आहे हो तुमचं," एवढंच म्हणाले.

वही परत आली नाही. दोन वर्षांनी 'हाक' बाजारात आली, शेटे सरांच्या नावावर. सोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.'

तरी एक गोष्ट खरी. उद्घाटनाच्या समारंभाला हेमलताला छापील आमंत्रण होतं. ती नारायणपेठी नेसून गेली, तिसऱ्या रांगेत बसली. भाषणं सुरू झाली तशी सरांनी व्यासपीठावरून तिला बोटाने खूण केली. ती पुढे गेली. "बाई, तेवढं चहाचं बघता का? माणसं कमी पडतायत," सर कुजबुजले. हेमलताने नारायणपेठीचा पदर खोचून दोनशे माणसांना चहा दिला. मग जेवणाच्या मांडवात गेली, तर आचारी पातेली उपडी करत होता.

बोलावून उपाशी परत पाठवलेलं माणूस ते कधी विसरत नाही. हेमलता जातीची गुरव, शंकराच्या देवळात वाढलेली. तिच्या आईने तिला एकच शिस्त लावली होती: आधी नैवेद्य तयार, मग घंटा. रिकाम्या ताटावर देवाला हाक मारायची नाही. म्हणून काचघरातसुद्धा मलमाची बाटली उघडायच्या आधी ती एका बशीत माव्याने भरलेलं पान ठेवायची. चार वर्षांत एकदाही चुकली नाही. आणि हे तिने वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. पाहुण्याला वाढायचं, असं कुणी वहीत लिहून ठेवतं का?

समारंभातून रिकाम्या पोटी घरी जाताना ती रस्त्यातच थबकली. सरांच्या डबीत हाक होती. बशी नव्हती.

पुढचं गणित तिला तिथेच उभ्या उभ्या दिसलं. डब्या रोज बोलावणार. मावा असो नसो, हिरव्या येणार आणि वासावर विश्वासून अंडी घालणार. खायला काही नाही म्हटल्यावर पिल्लं मरणार. पण हजारात पाच-दहा हिरव्या अशा असतातच, की ज्यांना तो वास मुळी कळतच नाही. त्या कुठेतरी खऱ्या माव्यापाशी अंडी घालणार आणि त्यांचीच पिल्लं जगणार. हिरवीची एक पिढी महिन्याची. म्हणजे हाकेला धावणाऱ्यांचा वंश खुंटत जाणार आणि बहिऱ्यांचं गोकुळ होणार. दहा वर्षं लागतील, फार तर बारा. मग एके दिवशी सर हाक मारतील आणि कुणीही येणार नाही.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हेमलताने ते गिळलं. घरी जाऊन तिने बरण्या धुतल्या, काचघरातून आणलेल्या हिरव्या त्यात सोडल्या आणि त्या दिवसापासून, आधी माव्याचं पान, मग मलमाचा थेंब, अशा रीतीने तिने शंभरावर पिढ्या वाढवल्या. तिच्या हिरव्या ऐकत होत्या. साऱ्या गावात शेवटी फक्त तिच्याच ऐकत राहणार होत्या.

यात एकच घोळ झाला. सात वर्षांपूर्वी शेटे कुटुंब नेमकं तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं, आणि सरांची बायको शालनवहिनी हिला माणसाला उपाशी पाठवणं ठाऊकच नव्हतं.

"हेमाताई, या की हिकडं! कडक भाकरी केलीया, शेंगाची चटणी हाय," अशी दहा हातांवरून हाळी यायची. हेमलता पहिल्यांदा दोन-चार वेळा टाळायला बघायची. मग जायला लागली. नवऱ्याचा राग बायकोवर काढू नये एवढी समज तिला होती. आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर दिवसभरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

शालनवहिनींच्या टाकीत नऊ चिलापी मासे होते. शेट्यांच्या घरी अंडंसुद्धा चालत नसे, तेव्हा मासे खायचा प्रश्नच नव्हता. ते सात वर्षं जगून परातीएवढे झाले होते. वहिनींनी त्यांना नावं दिली होती. राणी म्हातारी होती, ती बोटांतून भाकरीचा चुरा घ्यायची. वामन सगळ्यात बुटका. वहिनी पाण्यात हात घालून बसायच्या आणि मासे त्यांच्या तळव्याला अंग घासायचे.

अकराव्या वर्षी संक्रांतीनंतर मावा आला. आधी शेवटच्या इमारतीत, मग पुढच्या, मग सगळीकडे. पालक काळा पडला, मेथीचे शेंडे चिकट झाले. सहा वाजता डब्या सुरू व्हायच्या, गुडघ्याच्या मलमाचा वास सुटायचा, आणि हिरवी एकही फिरकायची नाही. लोक डब्या बदलून बघू लागले, आपटून बघू लागले. हेमलता बाल्कनीत चहा घेत हे बघायची. अकरा वर्षांत इतका गोड चहा तिने प्यायला नव्हता.

"ताई, तुमची झाडं तेवढी हिरवीगार कशी वो?" वहिनींनी एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं. "आमच्यात बघा, नुसता काळोख झालाय."

"सरांना विचारा की, वहिनी. सगळं त्यांचंच तर आहे."

"ते कुठं बोलत्यात! गुरुवारी पुण्यास्नं तपासणीची माणसं येणार हायती. सगळ्या राज्याला हीच डबी लावायची म्हनं. आन् आमच्याच घरात ही गत. चार दिस झोप न्हाई त्येंना."

हेमलताने चटणीत भाकरी बुडवली. चटणी नेहमीसारखीच फक्कड झाली होती.

मंगळवारी सकाळी शेटे सर स्वतः तिच्या दारात आले. सात वर्षांत पहिल्यांदा. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे मात्र सुजलेले. ते बरण्यांकडे बघत राहिले.

"बाई, तुमच्याकडे हिरव्या आहेत म्हणे."

"आहेत की, सर."

"ऐकतात? वासाला येतात?"

"बोलावलं की येतात."

सरांनी घसा खाकरला. "मग एक करा. दोन-तीन बरण्या द्या मला. गुरुवारपर्यंतच. तुमचे उपकार मी..."

"देते की," हेमलता म्हणाली. "सगळ्या देते. का बिघडलं, काय करायला हवं, तेही सांगते. फक्त गुरुवारी त्या पाहुण्यांसमोर एवढं सांगा, की वही कुणाची होती."

सर हसले. ते हसणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. "बाई, अहो, वही काय! कच्च्या नोंदी होत्या त्या. शास्त्र म्हणजे वेगळं असतं. आता या वयात कशाला जुनी मढी उकरायची?"

"मग तुमच्या शास्त्रालाच विचारा, सर."

तिने दार लावलं. मासा गळाला लागला होता.

बुधवारी सकाळी समोरच्या बाल्कनीतून उग्र भपका आला. हेमलताने तो लगेच ओळखला. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, निरगुडी असा दहा झाडांचा पाला गोमूत्रात महिनाभर कुजवून केलेला दशपर्णी अर्क. सर निळ्या पिंपातून पंपात अर्क ओतत होते. या अर्कावर त्यांनी उभ्या जिल्ह्यात भाषणं दिली होती. संपूर्ण नैसर्गिक, संपूर्ण निर्धोक! शेतात ते खरंही होतं, कारण शेतात खाली माती असते आणि ती सगळं पोटात घेते. मासेबागेत खाली खडी आणि खडीखाली मासे. करंज आणि सीताफळाचा पाला पाण्यात कुटून टाकला की मासे उताणे होतात, हे ओढ्याकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. सरांचं आयुष्य व्यासपीठावर गेलं होतं.

शालनवहिनी पदराने नाक धरून कठड्याशी आल्या. त्यांनी हेमलताला पाहिलं.

"हेमाताई, ह्ये फवारायचं म्हनत्यात. चालतंय का वो? पानी तर खाली माशांतच जातंय. तुम्हाला ह्यातलं ठावं असतंय, म्हून इचारते."

हेमलताच्या तोंडाशी 'नको' आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात सर मागून म्हणाले, "अगं, त्यांना काय विचारतेस? त्या काय डॉक्टर आहेत?"

"सर म्हणतात म्हणजे चालत असेल, वहिनी," हेमलता म्हणाली.

आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. पंपाचा आवाज सुरू झाला तसा तिने नळ सोडला आणि धुतलेल्या बरण्या पुन्हा धुवायला घेतल्या. पाऊण तासाने वहिनींची किंकाळी ऐकू आली. मग हाक. "हेमाताई! वो हेमाताई! या की वो!" तीनदा. नळ चालूच होता.

गुरुवारी पुण्याची पाच माणसं शेट्यांच्या बाल्कनीत आली. सोसायटीचे लोक जमले होते. शेट्यांची टाकी रिकामी करून घासलेली होती, पण वास लपत नव्हता. वाफ्यात पालक करपून पडलेला, आणि त्यातूनही वाचलेला मावा देठांवर आरामात बसलेला. सर हवामानाबद्दल बोलत होते, रोगाच्या नव्या प्रकाराबद्दल बोलत होते. पथकाच्या प्रमुख बाई, डॉक्टर निवेदिता राजोपाध्ये, सगळं निमूट ऐकत होत्या.

"डबी चालू करून दाखवा," त्या म्हणाल्या.

वास सुटला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी आलं नाही.

तेव्हा हेमलता मागून पुढे आली. तिने बरोबर एक बशी आणली होती. त्यात माव्याने काळं झालेलं पान ठेवलं आणि टेबलावर मलमाची बाटली उघडली. मग दहा हातांवरच्या आपल्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. डबी बंद झाल्यावर तिथे जाऊन तिने एका बरणीची जाळी काढून ठेवली होती. एक हिरवी आली. मग तीन. मग जाळीदार पंखांचा लहानसा थवाच उतरला आणि बशीभोवती बसला. सोसायटीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"सरांची हाक खोटी आहे," हेमलता म्हणाली. आवाज तेव्हाही चढला नाही. "बोलावतात आणि वाढत नाहीत. अकरा वर्षं उपाशी पाठवलं, म्हणून ऐकणाऱ्यांचा वंश बुडाला. हे त्यांना कळलं नाही, कारण हे काम त्यांनी केलेलंच नाही. मी केलंय. निळी वही माझी होती."

"पुरावा काय?" सर ओरडले. "कसली वही? कुठाय वही?"

"ही हाय."

शालनवहिनी आतून आल्या होत्या. डोळे सुजलेले, हातात निळी वही. त्यांनी ती नवऱ्याकडे न बघता राजोपाध्येबाईंच्या पुढ्यात ठेवली. "कपाटात होती. वरच्या फळीला, कागुद घालून. नाव बघा पयल्या पानावर."

पहिल्या पानावर हेमलताचं छान अक्षरातलं नाव होतं. सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. त्यांचा चेहरा बघायला हेमलता अकरा वर्षं थांबली होती, आणि तिने तो मनसोक्त, पोटभर बघून घेतला. त्याची तिला तेव्हाही लाज वाटली नाही आणि पुढेही कधी वाटली नाही.

माणसं पांगल्यावर ती वहिनींजवळ गेली. "वहिनी, तुमचे उपकार..."

"उपकार न्हवं. ज्याचं त्याला दिलं," वहिनी म्हणाल्या. त्या रिकाम्या टाकीत बघत होत्या. "राणी शेवटास्तोवर वर येऊन तोंड उघडत हुती. वाटत आसंल, मी चुरा घालीन." मग त्यांनी मान वर केली. "मी इचारलं हुतं, ताई. त्येंनी केलं ते न कळून केलं. तुम्हाला कळत हुतं."

हेमलता आपली बशी उचलून बाहेर पडली. मागे दार लागलं.

पुढचं सगळं तिच्या मनासारखं झालं. 'हाक' बंद पडली. 'गुरव पद्धत' सुरू झाली. हेमलताच्या हिरव्यांची अंडी कागदावर चिकटवून पाकिटातून घरोघर जाऊ लागली, प्रत्येक पाकिटावर तिचं नाव. वर ठळक सूचना असायची: तीन दिवसांच्या आत माव्यावर ठेवा. त्याला कारण होतं. हिरवी आपलं प्रत्येक अंडं केसासारख्या बारीक दांडीवर वेगळं टांगते. तसं केलं नाही तर पहिली निघालेली अळी भुकेने शेजारच्या भावंडांनाच खाते. कागदावर त्या दांड्या नसतात.

तिने पहिलं पाकीट शालनवहिनींच्या दाराला अडकवलं होतं. वर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'वहिनींना.' नवे मासे आणून देते, असंही आत लिहिलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी ते पाकीट तिच्याच दाराच्या कडीला परत आलेलं होतं. उघडलेलं नव्हतं. तिने ते ओट्यावर नेऊन कात्रीने कापलं. पन्नास अंड्यांपैकी एक अळी उरली होती. बाकीच्यांची नुसती वाळकी सालं होती. उरलेली चांगली गुबगुबीत झाली होती, आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन डोकं फिरवत कुणीतरी आहे का ते शोधत होती.

हेमलताने माव्याचं पान आणून तिच्यापुढे ठेवलं. समोरून भाकरी भाजल्याचा खमंग वास आला. ती नकळत बाल्कनीत जाऊन कठड्याशी उभी राहिली. समोरच्या स्वयंपाकघरात बांगड्या वाजत होत्या, तव्यावरून एक एक भाकरी उतरत होती. ती बराच वेळ उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नाही.